तज्ज्ञ म्हणतात ‘घ्याच’, ग्राहक म्हणतात ‘घेऊ नका’: टीव्हीच्या रिव्ह्यूंमध्ये एवढा फरक का पडतो?

बीड जिल्ह्यातल्या गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात नवा टीव्ही ही दरवर्षीची खरेदी नसते. कापसाचे पैसे हातात आले, दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या किंवा घरात लग्न ठरलं, की विषय निघतो. एकदा घेतलेला टीव्ही सात-आठ वर्षं चालावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे पंचवीस-तीस हजार रुपये मोजण्याआधी घरातलं कोणीतरी मोबाइलवर रिव्ह्यू बघतंच.

आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. यूट्यूबवरचा तज्ज्ञ ज्या मॉडेलला ‘या किमतीतला सर्वोत्तम’ म्हणतो, त्याच मॉडेलच्या खाली खरेदी केलेल्या लोकांच्या एक-एक स्टारच्या तक्रारी असतात. कधी उलटंही दिसतं. तज्ज्ञांनी ‘सुमार पॅनेल’ म्हणून बाजूला काढलेल्या टीव्हीला हजारो ग्राहकांनी साडेचार स्टार दिलेले असतात.

अशा वेळी ‘तज्ज्ञ पैसे घेऊन बोलतात’ किंवा ‘लोकांना त्यातलं काही कळत नाही’ असे दोन निष्कर्ष पटकन काढले जातात. काही वेळा पहिला खराही असतो. पण बहुतेक वेळा दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात. हा टीव्ही चांगल्या परिस्थितीत किती चांगलं चित्र दाखवू शकतो, हे तज्ज्ञ सांगतो. हा टीव्ही घरी आल्यापासून समाधान मिळालं की डोकेदुखी, हे ग्राहक सांगतो. खरेदी करणाऱ्याचा प्रश्न मात्र तिसराच असतो: आमच्या खोलीत, आमच्या डिशवर, आमच्याकडच्या विजेवर हा कसा चालेल?

हा फरक खरंच एवढा मोठा आहे का?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १२० प्रकारच्या १,२७२ वस्तूंचे अ‍ॅमेझॉनवरचे सरासरी स्टार घेतले आणि ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने प्रयोगशाळेत तपासून दिलेल्या गुणांशी ते ताडून पाहिले.

दोन्हींचा मेळ फारच कमी बसला. एकाच प्रकारातल्या दोन वस्तूंपैकी जिला ग्राहकांचे स्टार जास्त, तीच प्रयोगशाळेतही सरस ठरेल, याची शक्यता केवळ ५७ टक्के निघाली. नाणं उडवून निवड केली तर ही शक्यता ५० टक्के असते. म्हणजे स्टार बघून मिळणारा फायदा नाणेफेकीपेक्षा थोडासाच जास्त.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ब्रँडचं नाव आणि किंमत यांचाही स्टारवर परिणाम होतो. नावाजलेल्या कंपनीची महाग वस्तू घेतली, की ती चांगलीच असणार असं मन आधीच ठरवतं आणि स्टार त्याच भावनेतून दिले जातात.

या निष्कर्षांवर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतला. त्यांचं म्हणणं असं, की ग्राहकाने प्रयोगशाळेसारखे गुण द्यावेत ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. ग्राहक वस्तूचा पूर्ण अनुभव मोजतो आणि त्यात मशीनने न मोजता येणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात. टीव्हीच्या बाबतीत हा आक्षेप नीट लागू पडतो.

तज्ज्ञ नेमकं काय तपासतात?

‘तज्ज्ञ’ हा शब्द तीन वेगळ्या प्रकारच्या लोकांसाठी वापरला जातो.

पहिला प्रकार स्वतंत्र चाचणी संस्थांचा. अमेरिकेत १९३६ मध्ये सुरू झालेली ‘कन्झ्युमर्स युनियन’ म्हणजे आजची ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’, ब्रिटनमधली १९५७ ची ‘विच’ किंवा कॅनडातली ‘आर-टिंग्ज’ या संस्था टीव्ही स्वतः विकत घेऊन तपासतात. भारतातही ग्राहक संस्थांनी वस्तू तपासण्याची परंपरा आहे. मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ आणि १९७८ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेली ‘सीईआरसी’ ही त्यातली जुनी नावं.

दुसरा प्रकार तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या पत्रकारांचा आणि यूट्यूबरचा. यातल्या अनेकांना कंपनीच काही दिवसांसाठी टीव्ही पाठवते.

तिसरा प्रकार दुकानातल्या विक्रेत्याचा. त्याला मॉडेलची माहिती असते, पण त्याच्या सल्ल्यात शिल्लक माल आणि मार्जिन यांचाही विचार असू शकतो.

पहिल्या दोन प्रकारांची पद्धत साधारण सारखी असते. खोलीत अंधार केला जातो. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावला जातो. मग उपकरणाने मोजमाप होतं. पडद्याचा उजेड किती निट्स आहे? काळा रंग खरंच काळा दिसतो की राखाडी? रंग ठरलेल्या मानकाच्या किती जवळ आहेत? वेगाने हलणारं चित्र फिसकटतं का? यासाठी फोर-के एचडीआर चित्रपट, म्हणजे मिळू शकेल तितका उत्तम सिग्नल वापरला जातो.

या पद्धतीचा फायदा असा, की वीस टीव्ही एकाच फूटपट्टीने मोजता येतात. मर्यादा अशी, की ती फूटपट्टी एका विशिष्ट खोलीतली असते. अनेक घरांत त्या खोलीसारखं फार थोडं असतं.

गेवराईतल्या खोलीत काय बदलतं?

उजेड: समजा दोन टीव्ही आहेत. दोन्हींचा पांढरा रंग ३०० निट्स इतका उजळ. पहिल्याचा काळा रंग ०.१ निट आणि दुसऱ्याचा ०.३ निट. अंधाऱ्या खोलीत पहिल्याचं कॉन्ट्रास्ट ३०००:१ येतं आणि दुसऱ्याचं १०००:१. तज्ज्ञ पहिल्याला भरघोस गुण देणार, आणि ते बरोबरही आहे.

आता हेच दोन टीव्ही दिवसा दार उघडं असलेल्या बैठकीच्या खोलीत ठेवा. बाहेरच्या उजेडामुळे पडद्यावर फक्त १ निटची चमक आली असं धरलं, तर काळा रंग अनुक्रमे १.१ आणि १.३ निट होतो. कॉन्ट्रास्ट उरतं साधारण २७०:१ आणि २३०:१. तिपटीचा फरक जवळजवळ संपला. दिवसा टीव्ही बघणाऱ्या घराला पडदा किती उजळ होतो आणि त्यावर खिडकी किती चमकते, या गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात. म्हणूनच तज्ज्ञांना भडक वाटणारा ‘व्हिव्हिड’ मोड अनेक घरांत कायम चालू असतो आणि लोक त्याला ‘क्लिअर पिक्चर’ म्हणतात.

बसण्याची जागा: तज्ज्ञ मुख्य चाचण्या पडद्याच्या बरोबर समोरून करतो. घरी एक जण पलंगावर, दोघं खाली चटईवर आणि कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असतं. एलसीडी पॅनेलचे ‘व्हीए’ आणि ‘आयपीएस’ असे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीएचा काळा रंग गडद असतो, म्हणून अंधारातल्या चाचणीत तो पुढे जातो. पण बाजूने बघितलं की त्याचं चित्र फिकं पडतं. आयपीएसमध्ये काळा तेवढा गडद नसतो, पण कडेला बसलेल्यालाही चित्र नीट दिसतं. चाचणीत हरलेला टीव्ही मोठ्या कुटुंबाला जास्त आवडला, तर त्यात आश्चर्य नाही.

सिग्नल: हा सगळ्यात मोठा मुद्दा. दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ दरमहा पैसे न भरता दिसते, म्हणून ग्रामीण भागात ती लोकप्रिय आहे. तिच्यावरचे बहुतेक चॅनेल एसडी दर्जाचे असतात. एसडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. प्रमाण बरोबर २० पट.

याचा अर्थ असा, की छत्रीवरून येणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे उरलेले १९ ठिपके टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. याला ‘अपस्केलिंग’ म्हणतात. ज्या टीव्हीचा प्रोसेसर चांगला, त्याचा अंदाज बरा. स्वस्त फोर-के टीव्हीत हे काम कच्चं असेल, तर चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत दिसतात आणि अक्षरांच्या कडा फिसकटतात. ‘जुन्या टीव्हीवर याच्यापेक्षा चांगलं दिसत होतं’ ही ग्राहकांची तक्रार अशा वेळी अगदी खरी असते. तज्ज्ञाने मात्र त्या टीव्हीवर फोर-के चित्रपट लावलेला असतो आणि त्याला तो झकास दिसलेला असतो.

अंतर: सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फुटांपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यापेक्षा लांब बसणाऱ्याला त्याच आकाराच्या फोर-के पडद्याचे जास्तीचे ठिपके दिसणारच नाहीत. आठ-दहा फुटांवर बसणाऱ्या घराने ‘फोर-केमध्ये काही विशेष वाटलं नाही’ असं लिहिलं, तर ते अज्ञान नाही. डोळ्याची मर्यादाच तेवढी आहे.

आवाज: पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या बाजूला तोंड करून असतात. शांत खोलीत ते पुरेसे वाटतात. उन्हाळ्यात कूलर सुरू असेल किंवा पावसात पत्र्यावर सरी कोसळत असतील, तर संवाद ऐकूच येत नाहीत. ‘आवाज कमी आहे’ ही तक्रार ग्राहकांच्या रिव्ह्यूंमध्ये वारंवार दिसते. तज्ज्ञाच्या रिव्ह्यूत मात्र ‘सोबत साउंडबार घ्या’ एवढ्या एका वाक्यात हा विषय संपतो.

उष्णता आणि वीज: बऱ्याच टीव्हींच्या मॅन्युअलमध्ये वापरासाठीचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत भर दुपारी आतली हवा त्याहून तापते. जाड मातीच्या माळवदाखाली तोच टीव्ही कमी तापमानात चालतो. त्यात व्होल्टेज कमी-जास्त होणं आणि मान्सूनपूर्व वादळात विजा कडाडणं हे आहेच. वातानुकूलित प्रयोगशाळेत यातलं काही तपासलं जाईलच असं नाही.

पंधरा दिवसांचा रिव्ह्यू आणि पाच वर्षांचा वापर

तज्ज्ञाकडे टीव्ही साधारण काही दिवस किंवा आठवडे असतो. त्या काळात टीव्ही नवा असतो, मेमरी रिकामी असते आणि सॉफ्टवेअर ताजं असतं. दोन वर्षांनी तोच स्मार्ट टीव्ही अपडेटनंतर संथ होतो, अ‍ॅप उघडायला वेळ लावतो, होम स्क्रीनवर जाहिराती वाढतात. हे कळायला दोन वर्षंच जावी लागतात. म्हणून अशा गोष्टी ग्राहकांच्या रिव्ह्यूमध्येच सापडतात.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न ‘आर-टिंग्ज’ने केला. २०२२ च्या अखेरीस त्यांनी १०० टीव्ही एकाच वेळी लावले आणि ते रोज बरेच तास, अशा रीतीने दोन वर्षांहून जास्त काळ चालवले. बाजूच्या पट्टीतून उजेड देणारे, म्हणजे ‘एज-लिट’ प्रकारचे एलसीडी टीव्ही त्यात जास्त अडचणीत आले. हे टीव्ही दिसायला सडपातळ असतात, पण त्यांचे एलईडी दिवे एकाच कडेला दाटीने बसवलेले असल्याने तिथे उष्णता साठते. काहींमध्ये आतली पारदर्शक पाटी तडकली, काहींचे परावर्तक थर वाकले. पहिल्या पंधरा दिवसांत ही लक्षणं कोणालाच दिसली नसती.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात काळाचा आणखी एक मुद्दा आहे. दसऱ्यानंतर इथली हजारो कुटुंबं ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. दसऱ्याला घेतलेला टीव्ही अशा घरात एकतर बंद पडून राहतो, नाहीतर मागे राहिलेले आजी-आजोबा आणि मुलं तो वापरतात. टीव्हीची वॉरंटी साधारण एक वर्षाची असते आणि ती खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते. घराला कुलूप असलं तरी ते दिवस वॉरंटीतून जातातच. दोष कळेपर्यंत मुदत संपत आलेली असते. अशा घरासाठी ‘पॅनेलवर जास्तीची वॉरंटी आहे का’ हा प्रश्न ‘रंग किती अचूक आहेत’ यापेक्षा मोठा ठरतो.

ग्राहकांच्या स्टारमध्ये काय काय मिसळलेलं असतं?

ग्राहकांचा अनुभव खरा असला, तरी सरासरी स्टार फसवू शकतात. त्याची कारणं अशी:

टीव्हीशी संबंध नसलेल्या तक्रारी. डिलिव्हरी उशिरा आली, भिंतीवर बसवायला आलेल्या माणसाने जास्तीचे पैसे मागितले, खोकं फाटलेलं होतं. या सगळ्याचा राग त्याच स्टारमध्ये उतरतो. एक हिशोब बघा. १० जणांपैकी ९ जणांनी ५ स्टार आणि एकाने १ स्टार दिला, तर सरासरी ४.६ येते. त्यानंतर फक्त दोघांनी डिलिव्हरीवर चिडून १ स्टार दिला, की सरासरी थेट ४ वर येते. टीव्ही तोच, चित्र तेच.

टोकाचीच मतं जास्त. खूप खूश झालेला किंवा खूप वैतागलेला माणूस लिहितो. ‘ठीकठाक आहे’ वाटणारा लिहितच नाही. म्हणून ५ आणि १ स्टारची गर्दी असते आणि मधले स्टार रोडावलेले असतात.

तुलना कशाशी? आधी २१ इंची डबा टीव्ही किंवा दहा वर्षं जुना ३२ इंची एलईडी वापरणाऱ्याला कोणताही नवा ४३ इंची टीव्ही भारीच वाटणार. तज्ज्ञाने मात्र त्याच महिन्यात त्याहून चांगले पाच टीव्ही बघितलेले असतात.

पहिल्याच दिवशीचं मत. अनेक रिव्ह्यू टीव्ही लावल्यानंतर दोन-तीन दिवसांत लिहिले जातात. त्यात उत्साह जास्त आणि अनुभव कमी असतो.

वेगवेगळ्या आकारांचे रिव्ह्यू एकत्र. ऑनलाइन दुकानांत बऱ्याचदा ३२, ४३ आणि ५५ इंची मॉडेलचे रिव्ह्यू एकाच ठिकाणी जोडलेले असतात. आकार बदलला की पॅनेलचा प्रकार, स्पीकर, कधीकधी प्रोसेसरही बदलतो. ५५ इंचीचं कौतुक वाचून ३२ इंची घेणाऱ्याची फसगत होऊ शकते.

जुनी किंमत. ‘पैसा वसूल’ हे मत त्या दिवशीच्या किमतीवर असतं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याआधी ‘महाग आहे’ म्हणून कापलेला स्टार आज तितकासा लागू होत नाही.

एकाच टीव्हीला दोन निकाल कसे मिळतात?

समजा ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन टीव्ही आहेत आणि त्यांच्या गुणांबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

टीव्ही ‘अ’: चित्र ९, आवाज ६, सॉफ्टवेअर ७, सर्व्हिस ४.
टीव्ही ‘ब’: चित्र ६, आवाज ८, सॉफ्टवेअर ६, सर्व्हिस ९.

तज्ज्ञ चित्राला ६० टक्के, आवाज आणि सॉफ्टवेअरला प्रत्येकी २० टक्के महत्त्व देतो. सर्व्हिस त्याच्या मोजमापात येतच नाही. त्याच्या हिशोबाने ‘अ’ला ८ आणि ‘ब’ला ६.४ गुण मिळतात.

आता एक कुटुंब चित्र आणि आवाजाला प्रत्येकी २५ टक्के, सॉफ्टवेअरला १५ टक्के आणि सर्व्हिसला ३५ टक्के महत्त्व देतं. त्यांच्या हिशोबाने ‘अ’ला ६.२ आणि ‘ब’ला जवळपास ७.६ गुण येतात. निकाल उलटला. कोणी खोटं बोललेलं नाही आणि कोणाचं मोजमापही चुकलेलं नाही. कशाला किती महत्त्व द्यायचं, हे फक्त बदललं.

सर्व्हिसला ३५ टक्के हा आकडा तालुक्याच्या गावात अतिशयोक्तीचा वाटत नाही. गेवराई धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, बीड आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधे आहे. एखाद्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर या दोन शहरांतच असेल, तर तंत्रज्ञ कधी येणार हे त्याच्या फेरीवर ठरतं. पुण्या-मुंबईत बसून रिव्ह्यू करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

खोट्या रिव्ह्यूंचं काय?

काही मतभेद प्रामाणिक नसतात, हेही तितकंच खरं. विक्रेते स्वतःच ग्राहक बनून स्टार देतात, चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात कॅशबॅक देऊ करतात. काही यूट्यूबर मिळालेल्या पैशांचा किंवा लिंकवरच्या कमिशनचा उल्लेख करत नाहीत.

याबाबत कायदा काय सांगतो? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचा रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, याची तत्त्वं त्यात आहेत. ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने इन्फ्लुएन्सरसाठीही सूचना जारी केल्या. पैसे, फुकट वस्तू किंवा इतर लाभ मिळाला असेल, तर तो स्पष्ट सांगणं त्यानुसार आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

संशयास्पद रिव्ह्यू ओळखण्याच्या काही खुणा आहेत. दोन-तीन दिवसांत एकदम आलेले पाच-पाच स्टार, एकसारखी वाक्यं, मॉडेलबद्दल एकही ठोस तपशील नसणं आणि कंपनीच्या जाहिरातीतलेच शब्द.

मग विश्वास कोणावर ठेवायचा?

दोघांवरही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी.

तज्ज्ञाकडून घ्या: पॅनेलचा प्रकार, पडद्याचा उजेड, बाजूने चित्र कसं दिसतं, एसडी चॅनेल कसे दिसतात आणि दिवे कडेला आहेत की पडद्याच्या पूर्ण मागे. त्याने टीव्ही विकत घेतला की कंपनीने पाठवला, हेही बघा.

ग्राहकांकडून घ्या: टीव्ही किती महिन्यांनी बिघडला, सर्व्हिसला कोण आलं, किती दिवसांनी आलं आणि किती खर्च आला. सरासरी स्टारवर थांबू नका. दोन आणि तीन स्टारचे रिव्ह्यू आधी वाचा, कारण त्यात चांगलं-वाईट दोन्ही लिहिलेलं असतं. ‘सहा महिन्यांनंतर’, ‘एक वर्षानंतर’ असे शब्द असलेले रिव्ह्यू शोधा. एकच दोष दहा वेगळ्या लोकांनी लिहिला असेल, तर तो गांभीर्याने घ्या. २० रिव्ह्यूंच्या ४.४ पेक्षा २,००० रिव्ह्यूंचे ४.२ जास्त भरवशाचे असतात.

घरातून ठरवा: किती फुटांवरून बघणार? दिवसा बघणार की रात्री? छत्री, केबल की इंटरनेट? किती जण कडेला बसतात? ही चार उत्तरं कागदावर लिहून मगच रिव्ह्यू वाचायला घेतले, तर अर्धे रिव्ह्यू आपल्या कामाचे नाहीत हे लगेच कळतं.

दुकानातून तपासा: शोरूममधला टीव्ही बहुधा सर्वांत भडक मोडवर आणि कंपनीच्या खास फोर-के व्हिडिओवर चालू असतो. विक्रेत्याला मोड बदलायला सांगा आणि शक्य असेल तर साधा एसडी चॅनेल लावायला सांगा. बाजूला उभं राहून बघा. गेवराईचा पिनकोड ४३११२७ कंपनीच्या वेबसाइटवर टाकून जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा किंवा कस्टमर केअरला फोन करून विचारा. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकलाही विचारा. कोणत्या कंपनीचे टीव्ही त्याच्याकडे जास्त येतात आणि कोणाचे पार्ट मिळत नाहीत, ही माहिती कुठल्याच रिव्ह्यूत नसते.

टीव्ही घरी आल्यावर: बॅकलाइट गरजेपुरताच ठेवा, त्याने उष्णता कमी होते. मागे हवा खेळती राहू द्या. विजा चमकत असताना प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, पण विजेच्या धक्क्यापासून वाचवेलच असं नाही, आणि असं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही.

बिघाड झाला आणि कंपनी दाद देत नसेल तर?

रिव्ह्यूमध्ये राग काढल्याने टीव्ही दुरुस्त होत नाही. त्यासाठी पक्कं बिल, वॉरंटी कार्ड आणि कंपनीकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. पहिला टप्पा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, क्रमांक १९१५.

तिथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते. टीव्ही ऑनलाइन मागवला असो की संभाजीनगरच्या शोरूममधून आणला असो, गेवराईच्या ग्राहकाला बीडच्या आयोगात दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.